मागच्या खोलीतला वळसा

“बाबांनी हात लावला असं मी म्हणतच नाहीये,” तो म्हणाला, आणि खोलीतल्या सगळ्यांना कळलं की तो तेच म्हणतोय.

“मग काय म्हणताय?” बायकोनं विचारलं. तिच्या हातात चहाचा ट्रे होता आणि तो टेकवायला त्या खोलीत बोटभर जागा नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लायवूडचं टेबल. टेबलावर स्टेशन, मालधक्का, बोगदा, टेकडी, आणि टेकडीला वळसा घालून परत येताना मध्येच मेल्यासारखी उभी राहिलेली चार डब्यांची गाडी.

“मी एवढंच म्हणतोय की सकाळी सगळं ठीक होतं. मी आंघोळीला गेलो. आलो तेव्हा बाबा या खोलीतून बाहेर पडत होते. आणि आता ही तार लोंबतेय.” तो नुकताच टेबलाखालून रांगत बाहेर आला होता. गुडघ्यांना धूळ लागली होती आणि चोराचा कान धरावा तसं त्यानं एका लाल तारेचं टोक चिमटीत धरलं होतं.

“त्यांच्या गोळ्या या कपाटात असतात.”

“मग गोळ्या घ्याव्यात की. टेबलाखाली काय काम?”

“टेबलाखाली गेले होते, हे कुणी पाहिलं?”

“अगं, मी जन्मभर तारांचंच काम केलंय. तार आपण होऊन तुटत नसते!”

“भाऊजी, जाऊ द्या हो,” दाराला टेकलेला मेव्हणा म्हणाला. त्याचं फरशांचं दुकान होतं आणि कुठल्याही गोष्टीकडे, ती किती चौरस फुटांत बसेल या हिशेबानं बघायची त्याला सवय होती. “खेळणंच आहे शेवटी.”

हा शब्द उच्चारायला नको होता. खास ही गाडी बघायला म्हणून त्यानं मेव्हण्याला आणि त्याच्या बायकोला बोलावलं होतं. गाडी स्टेशनातून सुटली, बोगद्यात शिरली, बाहेर आली, तेव्हा मेव्हण्याच्या बायकोच्या तोंडून “अय्या!” निघालं होतं. आणि नेमकं परतीच्या वाटेवर, सगळ्यांचे डोळे लागलेले असताना, इंजिनानं मान टाकली. ट्रान्सफॉर्मरच्या डबीवरचा लाल दिवा लागला. इंजिन उचलून मागे ठेवलं, तर चाललं. पुन्हा त्याच जागी आलं आणि पुन्हा मेलं. तिसऱ्यांदा मेव्हणा हसला होता.

दारात, मेव्हण्याच्या मागे, सासरे उभे होते. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते ते. अजूनही उभं राहताना पाय जरा फाकवून उभे राहत, जमीन हलेल की काय अशा बेतानं. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. ते खाकरले.

“लागला असेल माझाच हात,” ते म्हणाले. “कपाट उघडताना पायबिय अडकला असेल. चुकलं. तुमच्या कामाचा विचका झाला, जावईबापू.”

 पुढचा क्षण त्याला देऊ केलेला होता. त्यानं “छे हो बाबा, काहीतरीच काय” एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तो म्हणाला, “तरी मी सांगत होतो.”

“पप्पा!” मुलगी ओरडली. ती कॉलेजात होती आणि हल्ली तिला बापाची लाज वाटायला फारसं कारण लागत नसे. आज मात्र कारण होतं.

मेव्हणा घसा साफ करून म्हणाला, “असं करू. बाबांना मी नेतो आमच्याकडे. रविवारी येतो गाडी घेऊन. काय बाबा?” त्याची बायको चहावर फुंकर घालत होती, ती फुंकर मध्येच राहिली.

“चालेल,” सासरे म्हणाले. चहात साखर कमी चालेल का, असं विचारल्यावर म्हणावं तसं.

*

त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळलेले पंप, मंदावलेले पंखे, मिक्सर त्याच्याकडे यायचे. जळकं तांबं सोलून काढायचं, नवी तार गुंडाळायची, वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवायची. हात चांगला होता. एकदा त्याच्या हातून गेलेली मोटर त्याच तक्रारीसाठी परत येत नाही, असं गिऱ्हाईक म्हणायचं, आणि तोही म्हणायचा, जरा जास्त वेळा.

एकदा कुणीतरी खेळण्यातलं इंजिन दुरुस्तीला आणून टाकलं आणि न्यायला परत आलंच नाही. आतली मोटर अंगठ्याच्या नखाएवढी. त्यानं भिंग लावून तिचं वाइंडिंग केलं. ती फिरली तेव्हा जे काही त्याला झालं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. पण पुढच्या महिन्यात रूळ आले. आधी फडताळावर हातभर लाइन. मग फळी. मग फळीला फळी जोडून टेबल. त्याला खेळणं नको होतं, खरं गाव हवं होतं. बांधकामावरची रेती तो चाळून आणायचा आणि ड्रॉपरनं गोंद सोडत रुळांमध्ये बसवायचा. मालडब्यांना गंज चढवायचा. औषधांच्या खोक्यांची घरं करून त्यांच्या भिंतींवर गळक्या पाइपांचे ओघळ काढायचा. स्टेशनावरच्या बाकाखाली त्यानं कुणाचीतरी विसरलेली छत्री ठेवली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. त्या गावातला एखादा प्रवासी आडवा पडला तर त्याला दारातून दिसायचं.

हे सगळं मागच्या खोलीत. आणि मागची खोली होती सासऱ्यांची.

सासूबाई गेल्यावर बायकोनं वडिलांना आणलं, तेव्हा त्यानंच ती खोली रंगवून दिली होती. खोटं नव्हतं ते. त्यालाही ते आवडायचे. कंडक्टर सासरे जावयाच्या गाडीला पहिल्या दिवसापासून प्रवासी मिळवून देत. “तिकीट काढलंय का त्यानं? तो टोपीवाला, दरवाज्यात लोंबकळतोय तो?” असं विचारत. गाडी सुटायच्या आधी तोंडानं ‘टिंग टिंग’ करत.

टेबल वाढत गेलं तेव्हाही तक्रार नव्हती. मग त्याच्या डोक्यात वळसा शिरला. लाइन टेकडीपर्यंत जायची आणि तिथंच संपायची. गाडीला परत यायचं तर उलटं यावं लागायचं, शेपटी पुढे करून. ते त्याला सलायचं. खरी गाडी तोंड पुढे करून घरी येते. म्हणजे टेकडीला मोठा वळसा घालायचा आणि तीच लाइन पुन्हा स्वतःला येऊन मिळवायची. लहान वळणावर डबे रुळांवरून उतरतात, म्हणून वळसा रुंद हवा. रुंद वळसा म्हणजे रुंद टेबल. आणि त्या बाजूला कॉट होती.

“हॉलमध्ये वारा छान येतो,” असं तेव्हा कोण म्हणालं होतं? त्याला आठवत होतं त्याप्रमाणे सासरेच म्हणाले होते. म्हणाले असतीलही. ज्याची कॉट उचलून हातात धरली आहे त्यानं दुसरं काय म्हणायचं?

*

भांडण झालं त्या संध्याकाळपासून घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. बायको त्याच्याशी लागेल तेवढंच बोले: “डबा.” “किल्ली.” “गॅस संपलाय.” मुलगी तेवढंही नाही. सासरे मात्र पूर्वीसारखेच बोलत आणि तेच सगळ्यात वाईट होतं. फक्त एक बदल झाला. गोळ्या घ्यायच्या असल्या की ते मागच्या खोलीच्या दारावर टकटक करत. खोलीत कुणी नसलं तरी. मग हॉलमध्ये येऊन मुलीला म्हणत, “बेटा, जरा माझ्या गोळ्या काढून देतेस? तुझा हात बारीक आहे.”

त्या आठवड्यात त्याला पहिल्यांदा दिसलं की सासरे झोपतात केव्हा. टीव्ही बंद होऊन शेवटचा माणूस उठेपर्यंत ते कॉटच्या कडेला बसून राहत, मांडीवर उशी घेऊन. गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखे. आणि सकाळी दूधवाला यायच्या आत त्यांची चादर घडी होऊन कॉटखाली गेलेली असे, म्हणजे येणाऱ्याला ती कॉट नुसतं बसायचं बाकडं वाटावी. रोज हे त्याच्या डोळ्यांसमोर होत होतं. त्यानं पाहिलं नव्हतं, एवढंच.

शुक्रवारी, दुकानाच्या सुटीच्या दिवशी, दुपारी तो टेबलाखाली शिरला. तार जोडायची, की प्रश्न मिटला. त्यानं लोंबणारी लाल तार उजेडात ओढली, टोक सोलायला कटर पुढे केला, आणि थांबला.

हिसका बसून तुटलेल्या तारेचं टोक विस्कटलेलं असतं. एक धागा लांब, एक आखूड, प्लॅस्टिक ताणून पांढरं पडलेलं. हे कुठलाही वाइंडिंगवाला डोळे मिटून सांगेल. हे टोक सरळ होतं. कटरनं एका झटक्यात छाटलेलं. त्याच्याच कटरनं: कटरचा एका बाजूला दात पडलेला होता, त्याची खूणसुद्धा प्लॅस्टिकवर उमटली होती.

आणि मग त्याला आठवलं. वळसा जोडायच्या आधी ही जुनी तार नको म्हणून त्यानंच तोडली होती. नंतर काढून टाकू म्हणून तशीच सोडली होती.

तो टेबलाखालीच बसून राहिला. त्या दिवशी पाहुण्यांसमोर हेच टोक त्याच्या चिमटीत होतं. डोळ्यांपुढे धरलेलं. पण त्याला तेव्हा टोक बघायचंच नव्हतं, त्याला माणूस हवा होता.

मग बिघाड कुठं होता? तो बाहेर आला आणि त्यानं रुळावर बोट ठेवलं. दोन रूळ, एकात वीज येते, दुसऱ्यातून परत जाते. दोघांनी एकमेकांना कधी भेटायचं नाही, भेटले की शॉर्ट. इतकी साधी गोष्ट. उजव्या रुळावर बोट ठेवून तो सरकत गेला. बोगदा. टेकडी. वळसा. बोट पूर्ण फिरून परत आलं, लाइन जिथं स्वतःला मिळत होती तिथं, आणि येऊन थांबलं ते डाव्या रुळावर.

त्यानं पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. वळून परत आलेल्या लाइनचा उजवा तो डावा होतो, होणारच. दोन्ही रुळांत त्यानं तिथं बारीक फट ठेवली होती म्हणून एरवी काही होत नव्हतं, पण इंजिनाची चाकं त्या फटीवरून गेली की इकडची वीज तिकडच्या विजेला भिडत होती. दुकानात याच चुकीसाठी तो कारागिरांवर खेकसायचा: सुरुवातीचं टोक कुठलं, शेवटचं कुठलं, एवढं कळत नाही तर तार कशाला धरता हातात? वळसा सुंदर दिसेल का, हे त्यानं महिनोन् महिने मोजलं होतं. टोकं मात्र मोजली नव्हती, आणि पाहुण्यांच्या आधी गाडी पूर्ण वळशातून एकदाही फिरवली नव्हती; त्या सकाळी ती टेकडीपर्यंतच चालवून बघितली होती.

आता सासऱ्यांना काय सांगायला हवं होतं हे त्याला माहीत होतं, आणि त्यानं केलं दुसरंच. त्यानं वळशाच्या दुसऱ्या तोंडाशीही रूळ कापले. दोन्हीकडे पडणारा एक खटका बसवला, म्हणजे गाडी वळशात असतानाच वीज उलटी करता येईल. गाडी सोडली. गाडी गेली, फिरली, खटका टाकला, आणि ती तोंड पुढे करून अगदी खऱ्यासारखी स्टेशनात परत आली. बघायला कुणी नव्हतं.

“झालं नीट!” तो ओरडला. निदान आवाज तरी आनंदाचा काढला.

सासरेच आले. दारात थांबले, हात पाठीमागे. “झालं का? बरं झालं हो. मला चैन नव्हती. माझ्यामुळे बिघडलेलं नीट झालं.”

तोंडाशी आलेलं वाक्य त्यानं गिळलं. आणि जे बाहेर पडलं ते ऐकून त्याचे त्यालाच कान बंद करावेसे वाटले.

“असू द्या बाबा,” तो म्हणाला. “होतं असं. मी काही मनात ठेवलेलं नाही.”

स्वतःच्या चुकीची त्यानं त्यांना माफी देऊन टाकली होती. आणि त्यांनी ती घेतली, मान हलवून, सुटे पैसे परत मिळाल्यासारखी.

“मोठं मन आहे तुमचं,” ते म्हणाले आणि हॉलकडे गेले.

त्याला एकदम जेवताना ऐकलेली गोष्ट आठवली. सासरे ती सारखी सांगायचे आणि सगळे सारखे हसायचे. बसमध्ये दोन प्रवासी जागेवरून भांडायला लागले की कंडक्टरनं काय करायचं? कोण खरं, कोण खोटं, यात पडायचं नाही. म्हणायचं, “साहेब, माझंच चुकलं, मीच दोघांना एक जागा सांगितली,” आणि घंटी मारायची. माझं काय जातं? बस पुढे गेली पाहिजे.

त्या दिवशी दारात, मुलाच्या आणि सुनेच्या देखत, त्यांनी घंटी मारली होती. आणि तो आपला बसला होता, सुटलेल्या बसमध्ये, खिडकीजवळची जागा मिळाल्याच्या थाटात.

*

रविवारी सकाळी बायको हॉलमध्ये बॅग भरत होती. वडिलांचे शर्ट तिनं इस्त्री केले होते आणि एकेका शर्टाची घडी ती गरजेपेक्षा जास्त वेळ दाबत होती. सासरे कॉटच्या कडेला, बूट घालून. मेव्हणा वेळेवर आला. त्याची बायको बरोबर नव्हती.

“वहिनी नाही आली?” बायकोनं विचारलं.

“तिचं जरा डोकं दुखतंय.” मेव्हण्यानं किल्ल्या खुळखुळवल्या. “बाबा, तुमची सोय गॅलरीत केलीये. काच लावून घेतलीये, पाऊसबिऊस काही आत येत नाही. थोडं सामान आहे दुकानाचं, फरशांची खोकी, पण ती काही दिवसांत हलतील.”

“राहू देत ना,” सासरे म्हणाले. “मला कितीशी जागा लागते?”

तो मागच्या खोलीच्या दारात उभा होता. त्यांच्या आवाजात कुठंही कुरकुर नव्हती. पायापासून वर येणारी गरम लाज त्याच्या मानेपर्यंत पोचली.

“बाबा, थांबा,” तो म्हणाला. “ती तार मीच तोडली होती.”

बायकोचा हात शर्टावर थांबला.

“केव्हा?” मेव्हण्यानं विचारलं.

“तुम्ही यायच्या आधीच. आणि गाडी बंद पडली ती तारेमुळे नाहीच. वायरिंगच माझं चुकलं होतं. सगळा वळसाच.”

“अहो असू द्या,” सासरे घाईघाईनं म्हणाले, “आता नीट झालंय ना? माझाही पाय लागला असेल—”

“बाबा, तेवढं पुन्हा म्हणू नका.” त्याचा आवाज चढला आणि मग पडला. “तुमचा पाय लागला नाही. हातही नाही. मला परवाच कळलं होतं. कळल्यावर मी तुम्हाला म्हणालो, मनात ठेवलेलं नाही. कळल्यावर.”

मेव्हण्यानं छताकडे पाहिलं. हसावं की काय हे त्याला ठरवता येत नव्हतं. “म्हणजे एवढे मोठे वाइंडिंगवाले तुम्ही, आणि...”

“हो,” तो म्हणाला. “हसा.”

पण आता मेव्हण्याला हसू आलं नाही.

“मला कुठली तार ते माहीत नव्हतं,” बायको म्हणाली. ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. “पण बाबांनी हात लावला नाही, हे मला त्या दिवशीच माहीत होतं. त्या खोलीत शिरताना ते हात पाठीमागे बांधतात. काचेच्या दुकानात आईनं लहान पोराला बांधायला लावावेत तसे. स्वतःच्या खोलीत. तुम्ही कधी पाहिलंत?”

त्यानं पाहिलं होतं. त्याला ते उभं राहण्याची ढब वाटली होती.

“मग त्याच दिवशी बोलली का नाहीस?” मेव्हण्यानं बहिणीला विचारलं.

“म्हटलं, बघू. स्वतः बोलतात का.” तिनं शर्ट बॅगेत ठेवला. “आठवडा लागला.”

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. आजोबांकडे बघत होती, बापाकडे नाही. सासऱ्यांची पंचाईत झाली होती. भांडण मिटवायचा त्यांचा एकुलता एक उपाय त्यांच्या तोंडातून काढून घेतला गेला होता. ते कधी बुटांकडे बघत, कधी बॅगेकडे. दोष अंगावर घ्यायची त्यांना सवय होती. तो उतरला की काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

“दादा इतक्या लांबून न्यायला आलाय,” ते शेवटी पुटपुटले. “आता नाही कसं म्हणायचं? त्यानं काचसुद्धा लावली.”

“काचेचं काय एवढं,” मेव्हणा म्हणाला. फार पटकन म्हणाला, आणि मग त्यालाही ते जाणवलं असावं, कारण त्यानं किल्ल्या खिशात टाकल्या आणि मान खाली घातली. हॉलमध्ये आता लाज वाटणारा वाइंडिंगवाला एकटाच उरला नव्हता. पण त्यानं त्याला काही हलकं वाटलं नाही.

तो मागच्या खोलीत गेला. गाडी स्टेशनात उभी होती. टेकडीकडचा टेबलाचा भाग त्यानं नजरेनं मापला: वळसा, टेकडीची अर्धी बाजू, नवा खटका, औषधांच्या खोक्यांची दोन घरं. कापल्यावर लाइन पूर्वीसारखी टेकडीशी संपेल. गाडी जाईल, थांबेल आणि शेपटी पुढे करून उलटी येईल. ते दिसायला वाईट दिसेल. ज्यांना खरी रेल्वे माहीत आहे ते हसतील.

त्यानं भिंतीवरची करवत काढली आणि तो हॉलमध्ये आला. सगळे त्या करवतीकडे बघायला लागले.

“वळसा मी आज काढतोय,” तो म्हणाला. “टेबल तेवढं अरुंद होईल. बाबांची कॉट मागच्या खोलीत जाईल, खिडकीजवळ, होती तिथं. बाबा कुठंही जात नाहीत. मेव्हणे, तुम्ही जेवून जा, त्याआधी कॉटची ती बाजू धरा.”